तेरा नंबरचं ब्रॅकेट

हिंदुराव मिस्त्रींचं पत्र आलं त्या दिवशी ‘खासनीस इथं राहत नाहीत’ असं मी पोस्टमनला जवळजवळ सांगून टाकलं होतं. अंतर्देशीय पत्राच्या पाठीवर पाठवणाऱ्याचं नाव दिसलं होतं आणि हात पुढे करायचं धैर्य होत नव्हतं. पण दाराच्या चौकटीवर माझ्या नावाची पाटी होती, पदवीसकट. पोस्टमनने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पत्र हातात कोंबलं आणि सायकलवर टांग टाकली.

अक्षर शाळकरी मुलीचं होतं, बोलणं बापाचं.

‘सायबास हिंदुराव बाळा चौगुले याचा नमस्कार. मला चोर ठरवलं त्याबद्दल तुमच्याकडं मागणं नाही. ते माझं मी बघून घेईन. एकच विचारायचं आहे. मसाला मी तोलून पुरा घातला. मग ब्रॅकेटं मोडली कशानं? तुम्ही शिकलेले, तुम्हाला सापडलं असणार. तेवढं दोन ओळीत कळवा. लिहिणार शालन.’

ही १९७९ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. उत्तर ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ते ठाऊक असलेला त्या वेळी मी एकटाच माणूस होतो.

भूपालआण्णा मगदुमांची फाउंड्री कोल्हापूरच्या बाहेर, पंचगंगेच्या पलीकडे होती. पंपांची अंगं, उसाच्या चरकाची चाकं असलं साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तिथे ओतलं जायचं. मग पुण्याच्या एका ट्रॅक्टर कंपनीने ब्रॅकेटचं काम देऊ केलं. हातभर लांब, कोनात वळलेला तुकडा. ट्रॅक्टर खड्ड्यात आदळला की सगळा हिसका त्याच्यावर. साधं बीड हिसक्याने तुटतं. कंपनीला न तुटणारं, वेळ आलीच तर थोडं वाकणारं बीड हवं होतं. त्यासाठी आण्णांनी विजेची भट्टी घेतली, सूक्ष्मदर्शक घेतला आणि मला घेतलं. महत्त्वही त्याच क्रमाने होतं.

मी एकोणतीस वर्षांचा होतो. लोखंडाशी माझी ओळख पुस्तकांतली. वितळलेल्या लोखंडाची मला भीती वाटायची, आणि ते ओतणाऱ्या माणसांची त्याहून जास्त.

हिंदुराव मिस्त्री त्या माणसांचे मुकादम. बेचाळिशीचे, भुवया कायमच्या जळून गेलेल्या, आण्णांच्या वडिलांच्या दुकानापासून कामाला. पहिल्या दिवशी त्यांनी मॅग्नेशियमच्या मसाल्याचा एक खडा तळहातावर घेऊन उडवून पाहिला.

‘सायेब, ह्या खड्यानं बीड वाकतंय म्हंता?’

मी घसा साफ केला. भोवती आठ-दहा माणसं जमली होती.

‘साध्या बिडात कार्बन पानांसारखा पसरलेला असतो. बारीक, पातळ पानं. भेग पडली की ती एका पानावरून दुसऱ्या पानावर धावत जाते. रसात थोडं मॅग्नेशियम गेलं की त्या पानांच्या गोट्या होतात. भेग गोटीपाशी येऊन अडते. नंतर वरून मूठभर फेरोसिलिकॉन टाकायचं, म्हणजे गोट्या बारीक आणि पुष्कळ होतात, आणि बीड काचेसारखं ठिसूळ होत नाही.’

‘आन ह्या गोट्या टिकत्यात किती वेळ?’

मी दचकलो. ते पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात होतं आणि मी अजून पहिलंच सांगत होतो.

‘म्हणजे... मॅग्नेशियम उडून जातं हळूहळू. तो गुण जातो आणि रस पुन्हा साधा होतो. पंधरा मिनिटांत सगळं ओतून व्हायला हवं.’

‘हां, म्हंजे फोडणी,’ हिंदुराव म्हणाले. ‘तडतडली की घालायची. नुसती ठेवली की वास ग्येला.’

‘जवळजवळ तसंच.’

‘मग येवढं जाड पुस्तक कशाला वाचलासा? आमच्या मंडळीला इचारायचं.’

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

लॅडल म्हणजे रस वाहून न्यायचं भांडं. त्याच्या तळाशी मसाला, त्यावर पत्र्याचे तुकडे, आणि वरून भट्टीतला रस. रस मसाल्यापर्यंत पोचला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड उठतो. पहिल्या वेळी मी असा काही मागे सरलो की चहाच्या किटलीत पाय गेला. त्या दिवसापासून माझं नाव ‘दिवाळीसाहेब’ पडलं. तोंडावर कुणी म्हणत नसे. मी पाठ फिरवेपर्यंत थांबायचे, इतपत मान मला होता.

हिंदुरावांचा एक रिवाज होता. भट्टीच्या पायाशी वाळूत ते मुठीएवढा खळगा करत आणि दिवसाच्या पहिल्या लॅडलमधली पहिली धार त्यात सोडत. ती देवीची. मग दर लॅडलमागे रांगेने चौदा साचे भरायचे.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना बाजूला घेतलं. रोजच्या रसाचा एक टेस्ट बार, म्हणजे चाचणीची कांडी, ओतायचा होता. तो मी यंत्रात ताणून तोडणार, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार आणि दाखला लिहून देणार. त्या दाखल्यावर पुण्याला माल जाणार.

‘माझा बार पहिल्या धारेचा घ्याल का?’

‘देवीच्या तोंडचा घास मागताय व्हय?’

‘तसं नाही... पहिला रस चांगला असतो.’

‘चांगला हाय म्हनून तर देवीला. तुमाला तपासायचाय न्हवं? मग शेवटचा घ्या की. चौदा साचं भरून झालं की तळाला उरतोय त्यो. काय बिघडलं असंल तर त्यातच दिसंल.’

‘तळाचा रस मळका असतो,’ मी म्हणालो. ‘त्याचा आकडा खरा येत नाही.’

हिंदुरावांनी क्षणभर विचार केला. माझ्या हातात पुस्तक होतं, त्यांच्या हातात नव्हतं.

‘बरं. सरस्वती बी देवीच हाय. घ्या पयली धार.’

तेव्हापासून वाळूतला खळगा गेला आणि तिथे माझ्या बारचा साचा आला. हिंदुराव त्यालाच हात जोडायचे. बार लाल असतानाच मी कुणाकडून तरी तो चिमट्यात धरवून लॅबकडे निघायचो. मागे पाहायचो नाही.

आणखी एक त्यांचं काम मला तेव्हा पोरकट वाटलं होतं. ते प्रत्येक साच्यात तारेने आकडा कोरायचे, एक ते चौदा, आणि त्याच क्रमाने ओतायचे. तो आकडा ब्रॅकेटवर उठून यायचा.

‘हे कशाला?’ मी विचारलं होतं.

‘कोन कुनाच्या मागनं जल्मलं ते ठावं नको?’

माझे बार फार सुंदर यायचे. भिंगाखाली काळ्याभोर गोट्या, अगदी पुस्तकातल्या चित्रासारख्या. मी दाखले शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात लिहायचो. पहिला दाखला आण्णांनी चौकटीत घालून भिंतीवर लावला.

तिसऱ्या महिन्यात पुण्याहून एक पोतं आलं. त्यात मोडलेली नऊ ब्रॅकेटं होती आणि एक चिठ्ठी: चाचणीच्या शेतातच तुटली, खुलासा आठ दिवसांत न आल्यास काम काढून घेऊ.

आण्णांनी पोतं माझ्या टेबलाशेजारी ओतलं आणि दार लावून निघून गेले. मी एक तुकडा कापला, घासून आरशासारखा केला, भिंगाखाली धरला. चारदोन गोट्या होत्या. बाकी सगळी पानं, आणि पानं होऊ घातलेले अळ्यांसारखे आकार.

मसाला घातलाच नसता, तर गोटी एकही दिसली नसती. घातला होता, पण त्याचा गुण ओसरत चालला असताना हे ब्रॅकेट ओतलं गेलं होतं. मी तुकडा उलटा केला. तेरा.

दुसरा उचलला. चौदा. मग बारा. पुन्हा चौदा, तेरा, तेरा. नऊच्या नऊ मी जमिनीवर मांडले. बाराच्या आतला एकही नव्हता.

पाच मिनिटांत सगळं समजलं. पुस्तकातली पंधरा मिनिटं कुठल्यातरी परदेशी कारखान्याच्या विहिरीएवढ्या लॅडलची होती. आमचं लॅडल लग्नातल्या भाताच्या पातेल्याएवढं. लहान भांड्यातला गुण लवकर जातो. आमच्याकडे तो नऊएक मिनिटांत जात होता आणि चौदा साचे भरायला बारा मिनिटं लागत होती. प्रत्येक लॅडलची शेवटची तीन ब्रॅकेटं साध्या बिडाची निघत होती, आणि मी पहिल्या धारेच्या बारवरून त्यांना दाखले देत होतो.

शेवटच्या रसाचा बार घेतला असता, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तसं सुचवणारा माणूस खिडकीबाहेर चहा पीत उभा होता.

मी सांगायचं ठरवलं. अगदी पक्कं ठरवलं. वाक्यं मनात जुळवली, एक खोडून दुसरं केलं. तेवढ्यात आण्णांचं बोलावणं आलं.

खोलीत हिंदुराव आधीच उभे होते, कातड्याचा ॲप्रन तसाच अंगावर.

‘खासनीसांचा बार उत्तम,’ आण्णा म्हणाले. ‘ब्रॅकेट भिकार. रस एकच. मग मधे काय झालं, हिंदुराव?’

‘मला बी त्येच इचारायचं हाय, आण्णा.’

‘मला विचारू नकोस. मी सांगतो. मसाला महाग. इचलकरंजीकडं कोण गुपचूप घेतंय म्हणतात.’

‘आण्णा!’

‘साहेबांचा बार दिवसाच्या पहिल्या लॅडलचा. त्याला पुरा घातलास. पुढच्या लॅडलना चिमूट. हो का नाही?’

‘तुमच्या वडलांच्या हाताखाली शिकलोय मी. खिळा घरी न्हेला न्हाई कदी.’

‘खिळ्याला काय किंमत होती?’

हिंदुराव माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हायसं वाटल्यासारखं दिसलं, मी तिथे आहे हे आत्ताच लक्षात आल्यासारखं.

‘सायेब, तुमी सांगा की ओ. तुमच्या दुर्बिनीत दिसतंय न्हवं समदं?’

‘चूक माझी आहे.’ एवढी तीन शब्दांची गोष्ट होती. पण मी सुरुवात कुठून करावी याचा विचार करू लागलो. पुस्तकातल्या पंधरा मिनिटांपासून, की बारपासून? आण्णांना आधी पानं आणि गोट्या समजावून द्याव्या लागतील का? भिंतीवर माझा दाखला चौकटीत लटकत होता.

‘मला... मला पुन्हा एकदा तपासायला हवं,’ मी म्हणालो.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला.

‘बघितलंस, हिंदुराव? मुंगी मारायचा नाही हा माणूस. कुणाचं वाईट बोलायचं तर याच्या तोंडून शब्द फुटत नाही. हे गप्प बसले, यातच सगळं आलं.’

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आण्णांनी हात वर केला.

‘राहू द्या, खासनीस. तुम्हाला त्रास होतोय. कळतंय मला.’

हिंदुरावांनी ॲप्रन काढला, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवला. दारात थांबून म्हणाले, ‘तपासा, सायेब. सापडलं की सांगा.’

त्यात टोमणा असेल म्हणून मी पुढे पुष्कळ वर्षं ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. सापडला नाही. त्यांना खरोखरच ब्रॅकेटं कशाने मोडली हे जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते मला अजूनही थोडं चलाखीचं वाटतं आणि म्हणून जास्त लाज वाटते. पुढच्या सोमवारी नव्या मिस्त्रीला मी दोन सूचना दिल्या. एका लॅडलमध्ये फक्त सात साचे, सहा मिनिटांच्या आत. आणि बार शेवटच्या रसाचा. ‘कंपनीचं पत्र आलंय,’ असं सांगितलं. मनात हिशेब असा, की ब्रॅकेटं मोडायची थांबली की आण्णा विचारतील, खासनीस, काय बदललंत? आणि विचारल्यावर मी सांगेन. विचारल्यावर सांगणं मला नेहमी सोपं जातं.

ब्रॅकेटं मोडायची थांबली. आण्णा पेढे घेऊन लॅबमध्ये आले.

‘घ्या, खासनीस! आता तरी पटलं ना तुम्हाला? माणूस गेला आणि बीड सुधारलं. यापेक्षा काय पुरावा पाहिजे?’

मी पेढा खाल्ला. हिंदुरावांवरच्या आरोपाला तोवर पुरावा नव्हता. तो मी तयार करून दिला होता, बिनचूक, सात-सात साच्यांचा.

हिंदुरावांना कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याच फाउंड्रीत काम मिळालं नाही. मसाला चोरणारा मिस्त्री म्हणून नाव आधीच पोचायचं. ते गारगोटीकडच्या आपल्या गावी गेले आणि तिथून शालनच्या हातून ते पत्र आलं.

उत्तर लिहायला मी त्याच दिवशी बसलो होतो. पहिला मसुदा त्यांनी मागितल्याप्रमाणे दोन ओळींचा झाला. तो फार कोरडा वाटला. दुसरा सहा पानांचा, आकृत्यांसह. तिसऱ्यात वाटलं, माझ्याबद्दलचा मजकूर शास्त्रीय विवेचनात खटकतो. तो काढला. काढल्यावर लेखन इतकं स्वच्छ झालं की मला ते आवडलं. चौथ्यांदा सुवाच्य करून मी ते फाउंड्रीवाल्यांच्या त्रैमासिकाला पाठवून दिलं. ‘लहान लॅडलमधील मॅग्नेशियमच्या गुणाचा ऱ्हास’. त्याला त्या वर्षीचं रौप्यपदक मिळालं. त्यात एक वाक्य आहे: ‘नमुना शेवटच्या रसाचा घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.’

हिंदुरावांच्या प्रश्नाचं उत्तर असं तीनशे लोकांनी वाचलं. हिंदुराव वर्गणीदार नव्हते.

मी त्याच फाउंड्रीतून निवृत्त झालो. आण्णा गेले. यंदा फाउंड्रीला पन्नास वर्षं होतात. आण्णांचा मुलगा अभिनंदन आता सगळं बघतो. महिन्यापूर्वी त्याने स्मरणिकेची मुद्रितं पाठवली. ‘काका, तुम्ही वाचणारे. फक्त शुद्धलेखन बघा,’ असं फोनवर म्हणाला.

एकतिसाव्या पानावर असं होतं: ‘१९७९ मध्ये श्री. खासनीस यांच्या काटेकोर चाचण्यांमुळे एका कर्मचाऱ्याची मॅग्नेशियमची चोरी उघडकीस आली. त्यानंतर आमच्या दर्जाने कधी मागे वळून पाहिले नाही.’ शेजारी एक जुना फोटो. लॅडलपाशी उभे हिंदुराव, नाव न देता. गारगोटीकडचे निम्मे लोक आज आमच्याच औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. भुवया नसलेला तो चेहरा कुणीही ओळखला असता.

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मी परिच्छेदावर काट मारली आणि समासात जे घडलं ते लिहिलं. समास पुरेना, म्हणून दोन कागद जोडले.

दुसऱ्या दिवशी अभिनंदन स्वतः घरी आला. गाडी लांब लावून, बूट दाराबाहेर काढून.

‘काका, हे काय केलंत? तुमच्याबद्दलचा एवढाच तर चांगला परिच्छेद होता.’

‘तो खोटा आहे.’

‘आण्णा हजारदा सांगायचे हा किस्सा.’

‘आण्णांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चोरी झालीच नव्हती. माझा बार चुकीचा होता.’ वाक्यं सुटी सुटी येत होती, पण येत होती. ‘हिंदुरावांनी मला योग्य तेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आण्णांच्या खोलीत मी बोललो असतो तर...’

अभिनंदन ऐकत होता. त्याचे डोळे हळूहळू पाणावले, आणि मला वाटलं, समजलं याला.

‘काका,’ तो म्हणाला, ‘आण्णा म्हणायचे तेच खरं. तुम्हाला कुणाचं वाईट बघवत नाही. इतक्या वर्षांनी त्या माणसाला वाचवायला सगळं स्वतःवर घेताय!’

‘अरे, मी खरं सांगतोय.’

‘हो हो. तुमच्यासारखी माणसं आता कुठे राहिलीत?’ असं म्हणून तो वाकून माझ्या पाया पडला.

‘निदान तो परिच्छेद काढ. फोटोही.’

‘बघतो, काका.’

बघतो म्हणजे काय ते मला बरोबर समजतं. मी जन्मभर तेच म्हणत आलो आहे.

तो गेल्यावर मी हिशेब मांडला. एक पेढा खाण्याइतक्या वेळात मी एका माणसाला चोर केलं होतं आणि आता दोन जोडकागद भरून लिहिलं तरी त्याला साव करता येत नव्हतं. माझ्या सज्जनपणावर लोकांचा एवढा विश्वास, की माझ्या शब्दावर उरला नव्हता. माझं म्हणणं जसंच्या तसं खरं मानील असा एकच माणूस होता. तो असेल तर.

भाच्याने मोबाइलवर त्या गावच्या ग्रामपंचायतीचा नंबर शोधून दिला.

‘हिंदुराव बाळा चौगुले म्हणून कुणी... तिथे...’

‘मिस्त्रीआजा? आहेत की!’ पलीकडचा माणूस मोठ्याने म्हणाला. ‘सत्त्याऐंशी वर्षांचे, पण जिभेला गंज न्हाई. आत्ताच नव्या पाण्याच्या व्हॉल्व्हचं बीड हलकं हाय म्हणून सरपंचाला झाडून गेले. पायरीवरच बसलेत. देऊ का फोन?’

‘नको, नको!’

‘मग निरोप?’

‘पत्र पाठवतो.’

‘पत्र? आता कोण पत्र पाठवतंय? तुम्ही कोण बोलताय पण?’

मी फोन ठेवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि स्वतःचं नाव सांगता आलं नाही. मग टेबलाशी बसलो आणि एका बैठकीत लिहिलं. मसुदा केला नाही.

‘हिंदुराव मिस्त्री यांस सप्रेम नमस्कार.

तुम्ही मसाला पुरा घातला होता. ब्रॅकेटं मोडली ती उशिरामुळे. आपल्या लहान लॅडलमध्ये नऊ मिनिटांत त्याचा गुण जात होता आणि मी तुम्हाला पंधरा सांगितली होती. म्हणून फक्त बारा, तेरा, चौदा मोडली. तुम्ही आकडे कोरले होते म्हणून मला हे समजलं.

तुम्ही शेवटच्या रसाचा बार घ्यायला सांगितलं होतंत. तेच बरोबर होतं. तळाचा रस मळका असतो, हे कारण मी तिथल्या तिथे रचलं. खरं असं, की ओतणं संपेपर्यंत थांबलो तर तुम्ही सगळे चहाला बसायचात, मला मधे बसवायचात आणि चेष्टा करायचात. मला तिथे बसायचा संकोच वाटायचा. पहिल्या धारेचा बार घेतला की लॅबमध्ये पळता यायचं. बाकी काही कारण नव्हतं.

आण्णांनी तुम्हाला बोलावलं तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. मी बोललो नाही. तुम्ही चोरी केली नाही, हे मी सही करून वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. तो सोबत आहे, हवा त्याला दाखवा. एक प्रत अभिनंदन मगदूमला आणि एक त्रैमासिकाच्या संपादकांना पाठवत आहे. मी यायला हवं. तुम्ही ये म्हणालात तर येईन.

अच्युत खासनीस’

दोन ओळी मागितल्या होत्या, पान भरलं. पण यातलं काही काढावंसं वाटलं नाही.

पोस्टात खिडकीवर एक तरुण बाई होत्या. माझ्या मागे सात-आठ माणसं. बाईंनी पाकीट उलटसुलट केलं, काट्यावर ठेवलं.

‘साधं पाठवायचं का स्पीड पोस्ट, आजोबा?’

‘फरक काय?’

‘साधं चार-पाच दिवसांनी पोचेल. स्पीड परवा. घाई आहे का?’

मागून कुणीतरी ‘चला ओ’ म्हणालं. एरवी मी त्या आवाजाला बिचकून ‘कसंही चालेल’ म्हटलं असतं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘घाई आहे.’

त्यांनी चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.